काटा ४८०, शाफ्ट ६०० : चुंबकी स्पीड सेन्सरचं कोडं

शिकाऊ पाना
(सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. विमानांच्या सुट्या यंत्रणांचं ओव्हरहॉल करणाऱ्या शॉपमध्ये मी शिकाऊ आहे. चार दिवस एकाच जागी अडकलोय. शॉपमध्ये तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली, म्हणून हा धागा.

ओव्हरहॉल झालेला एक ॲक्सेसरी गिअरबॉक्स (इंजिनाच्या ताकदीवर पंप, जनरेटर वगैरे फिरवणारी गिअरची पेटी) टेस्ट स्टँडवर चढवलाय. इलेक्ट्रिक मोटरने फिरवायचा, तेलाचा दाब, गळती, तापमान बघायचं आणि त्याच्यावरचा चुंबकी स्पीड सेन्सर बरोबर आकडा देतो का तेही तपासायचं. आतल्या एका शाफ्टवर ६० दातांचं पोलादी चक्र आहे. सेन्सर त्या दातांकडे बाजूने, म्हणजे शाफ्टला समांतर, तोंड करून बसलाय. त्याच्या दोन वायरी स्टँडच्या काउंटरला जातात.

त्याच शाफ्टचं दुसरं टोक उघडं आहे. तिथे पांढरी खूण करून स्ट्रोबने, म्हणजे ठरावीक वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्याने, वेग पाहिला. स्ट्रोब ७०० तर काउंटर ७००. झकास. पण ६०० ला काउंटर ४८० दाखवतो. ५०० ला साधारण ३४०, ४०० ला २२०. ७०० च्या वर पार ३००० पर्यंत नेलं, एका आकड्याचाही फरक नाही.

वरच्या वेगाला बरोबर आणि खाली चूक, हे कसं? खोटंच बोलायचं तर सगळीकडे बोलावं ना.

सुटा नट
(सोमवार, रात्री ९.५२)

सेन्सर बदला. विषय संपला.

शिकाऊ पाना
(सोमवार, रात्री ९.५८)

बदलला. दोनदा. दुसरा तर सीलबंद पाकिटातला कोरा करकरीत होता. दोन्हींचे आकडे तसेच, थोडा इकडेतिकडे फरक. कॉइलचा रोध मॅन्युअलमधल्या हद्दीत, बॉडीशी इन्सुलेशनही उत्तम. काउंटरला सिग्नल जनरेटर लावला तर ४०० हर्ट्झला ४००, ६०० ला ६००.

सुटा नट
(सोमवार, रात्री १०.०१)

मग स्ट्रोब खोटा. ६०० ला खूण स्थिर दिसली म्हणजे शाफ्ट ६०० लाच आहे असं नाही. १२०० ला फिरत असला तरी एकच खूण स्थिर दिसेल.

शिकाऊ पाना
(सोमवार, रात्री १०.१५)

ते तपासलं. फ्लॅश दुप्पट केला की दोन खुणा समोरासमोर दिसतात, म्हणजे ६०० खरेच. शिवाय मोटरच्या ड्राइव्हवरचा आकडा आणि गिअरचं प्रमाण लावलं तरी ६०० च येतात.

बिनतारी
(सोमवार, रात्री १०.३०)

स्ट्रोबची शंका रास्त होती, पण आता मिटली. माझा पहिला संशय नेहमी वायरींवर असतो. शिल्ड, म्हणजे वायरींभोवतीची धातूची जाळी, कुठे जोडलंय? दोन्ही टोकांना अर्थ केलं असेल तर भलतंसलतं आत शिरतं. विमानातला एसी पुरवठा ४०० हर्ट्झचा. पिकअपची, म्हणजे अशा सेन्सरची, केबल त्याच्या शेजारून गेली आणि शिल्ड तुटलेलं असलं, तर ६० दातांच्या हिशोबाने इंजिन बंद असतानाही काटा ४०० आरपीएम दाखवतो. हे मी पाहिलंय. सगळे जण उभ्या इंजिनाकडे आणि हलत्या आकड्याकडे आळीपाळीने बघत होते.

पण तुमच्याकडे आकडा कमी येतोय. बाहेरचा गोंगाट शिरला तर मोजणी सहसा वाढते, घटत नाही. म्हणजे इथे काहीतरी गळतंय. मॅन्युअलमध्ये काउंटरचा थ्रेशोल्ड, म्हणजे लाट मोजली जायला लागणारं किमान व्होल्टेज, किती दिलंय ते बघता का?

नुसताच वाचक
(मंगळवार, सकाळी ७.१०)

माझा या विषयाशी संबंध फक्त खिडकीशेजारच्या सीटपुरता. पण धागा रंगतोय. कुणीतरी हे मूळात चालतं कसं ते सांगेल का? सेन्सर चाकाला टेकलेलाच नाही, मग त्याला कळतं कसं?

जुना गिअर
(मंगळवार, सकाळी ११.२०)

निवृत्त माणूस आहे, वेळच वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बोटाएवढी स्टेनलेस स्टीलची नळी डोळ्यांसमोर आणा. आत एक कायमचं चुंबक. त्याच्या पुढ्यात मऊ लोखंडाची छोटी दांडी, तिला आम्ही पोल पीस म्हणतो. दांडीभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. बस्स. आत फिरणारं काही नाही, बाहेरून वीज द्यावी लागत नाही.

चुंबकाच्या बलरेषांना लोखंडातून जायला सोपं, हवेतून जायला जड. पोलाद फिरत फिरत समोर आलं, म्हणजे दात आला, की दांडीतला फ्लक्स, म्हणजे बलरेषांचा भार, वाढतो. दात सरकून खाच आली की तो घटतो. फ्लक्स बदलला की भोवतीच्या वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं. हा फॅरेडेचा नियम, १८३१ सालचा. प्रत्येक दातामागे एक लाट. ती मोजली की झालं. दात गुणिले आरपीएम भागिले ६०, म्हणजे दर सेकंदाच्या लाटा. म्हणून ६० दातांचं चक्र फार सोयीचं, जेवढे हर्ट्झ तेवढेच आरपीएम.

आता या सेन्सरचा खरा स्वभाव. त्याला वेग कळत नाही, लोखंड कळत नाही, त्याला फक्त बदल कळतो. दात अगदी समोर येऊन थांबला तर व्होल्टेज शून्य. खाच समोर येऊन थांबली तरी शून्य. चक्र हळू फिरलं तर बदल हळू, म्हणून लाट बुटकी. जोरात फिरलं तर उंच. म्हणजे एकाच तारेतून दोन गोष्टी येतात, लाटांची संख्या आणि लाटांची उंची. काउंटर फक्त पहिली वाचतो आणि दुसरी फेकून देतो. माझ्या मते निम्मी माहिती तिथेच वाया जाते.

उंची दुसऱ्या एका गोष्टीवरही ठरते, ती म्हणजे टोक आणि दात यांच्यातली फट. बहुतेक ठिकाणी ती मिलिमीटरहून कमी असते. फट दुप्पट झाली तर सिग्नल निम्मा होईल असं वाटतं ना? तो निम्म्यापेक्षाही खाली जातो.

शिकाऊ पाना, तुझ्या कोड्याचं उत्तर याच दोन परिच्छेदांत आहे. शोध.

नुसताच वाचक
(मंगळवार, सकाळी ११.४५)

क्या बात है. वाचनखूण साठवली आहे. आता बाळबोध प्रश्न. पायलटला दिसतो तो टक्क्यांतला आकडा यातूनच येतो का?

जुना गिअर
(मंगळवार, दुपारी १२.३०)

बऱ्याच इंजिनांत यातूनच. बोइंग ७३७ एनजीवरचं सीएफएम५६-७बी घ्या. पंख्याच्या शाफ्टचा १०० टक्के वेग ५१७५ आरपीएम, आतल्या शाफ्टचा १४,४६० आरपीएम. असे आकडे चटकन वाचणं अवघड, म्हणून टक्के. पंख्याच्या शाफ्टवरच्या कड्याला ३० दात, म्हणजे १०० टक्क्यांना सेकंदाला २५८७.५ लाटा. त्या ३० पैकी एक दात मुद्दाम जाड ठेवलेला असतो. तो आला की लाट वेगळी उठते आणि फेरी कुठून सुरू झाली ते कळते. पंख्याचा तोल साधताना वजन नेमकं कुठे लावायचं ते त्या खुणेवरून ठरतं. वर मी लाटेची उंची फेकून देऊ नये म्हणालो ना, इथे ती कामाला लावलेली आहे.

त्या सेन्सरच्या आत स्वतंत्र कॉइल असतात. दोन कॉइल इंजिनाच्या संगणकाच्या दोन चॅनेलना, तिसरी विमानाकडे. एक मेली तर दुसरी असतेच, आणि दोन्ही आकडे पडताळून बघता येतात.

आमच्या उमेदीत टॅको जनरेटर असायचा. गिअरबॉक्सवर बसवलेला छोटा तीन फेजचा जनरेटर. ४२०० आरपीएमला ७० हर्ट्झ, म्हणजे १०० टक्के. त्या विजेवर कॉकपिटमधल्या डायलच्या आतली बारकी मोटर त्याच वेगाने फिरायची आणि काटा ओढायची. विमानाची सगळी वीज गेली तरी तो काटा चालायचा. पण त्यात बेअरिंग होतं, चावी होती, झीज होती. चुंबकी पिकअपमध्ये झिजायला काहीच नाही, म्हणून तो जिंकला.

टोचा
(मंगळवार, दुपारी १.०५)

एवढं सगळं करण्यापेक्षा हॉल सेन्सर का नाही लावत? तो शून्य वेगालासुद्धा चालतो. लाटेच्या उंचीची भानगडच नाही, चौकोनी पल्स मिळतात. दीडशे वर्षं होत आली त्या शोधाला, एडविन हॉलने १८७९ मध्ये लावलेला. विमानवाले अजून तारेच्या गुंडाळीत का अडकलेत?

बिनतारी
(मंगळवार, दुपारी १.४०)

अडकले नाहीत, गरजेनुसार निवडतात. हॉलला वीजपुरवठा लागतो आणि आत सिलिकॉन चिप असते. ती साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंतची. इंजिनाच्या गरम भागात त्याच्या पुढे जावं लागतं. कॉइलच्या सेन्सरमध्ये चिपच नाही. चुंबक समॅरियम कोबाल्टचं किंवा अल्निकोचं घेतलं की उष्णतेची फिकीर बरीच कमी होते. निओडिमियम जोरदार असलं तरी ३१० अंशांच्या आसपास त्याचं चुंबकत्वच उडतं, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ते ढिलं पडायला लागतं.

तुमचा शून्य वेगाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. विमानाच्या चाकांचं अँटिस्किड घ्या, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा. कॉइलचा सेन्सर असेल तर अगदी हळू चालताना त्याला चाक फिरतंय की लॉक झालंय हेच कळत नाही. दोन्ही वेळा उत्तर एकच, शून्य. म्हणून एका ठरावीक वेगाखाली यंत्रणा स्वतःला बाजूला काढून घेते. विमानं हॉलही वापरतात. पिस्टन इंजिनांच्या मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) व्हेंटच्या भोकात बसणारे सेन्सर असतात, आत फिरणाऱ्या चुंबकावरून ते वेग ओळखतात.

टोचा
(मंगळवार, दुपारी १.५५)

मान्य. मग दातांच्या चक्राची तरी काय गरज? पंख्याची पाती समोरून जातातच की. तीच मोजा.

जुना गिअर
(मंगळवार, दुपारी २.२०)

मोजली असती. पण पुष्कळ इंजिनांची पाती टायटॅनियमची असतात आणि टायटॅनियमकडे चुंबक ढुंकूनही बघत नाही. त्यासाठी एडी करंटचा सेन्सर लागतो, त्याला धातू विजेचा वाहक असला की पुरतं. आमच्या साध्या पिकअपला पोलादच हवं.

अवांतर : दात असण्याचा आणखी एक फायदा आहे. दोन चक्रं घ्या. एक ताण घेणाऱ्या शाफ्टवर, दुसरं त्याच्या आत किंवा बाहेर असलेल्या, ताण न घेणाऱ्या नळीवर. इंजिन ताकद लावायला लागलं की शाफ्ट किंचित पिळला जातो आणि एका चक्राचे दात दुसऱ्याच्या मागे पडतात. दोन लाटांमधला तो उशीर मोजला की टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, मिळतो. हर्क्युलिस मालवाहू विमानाच्या टी५६ इंजिनावर आणि पीडब्ल्यू१०० मालिकेच्या टर्बोप्रॉपवर असंच होतं. वेगाच्या यंत्रानेच ताकद मोजायची, ही कल्पना मला आजही भारी वाटते.

फिरकी
(मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

वेगाचा आकडा किती महत्त्वाचा यावरून एक जुनी घटना आठवली. ३ नोव्हेंबर १९७३, नॅशनल एअरलाइन्सची फ्लाइट २७, डीसी-१०. न्यू मेक्सिकोवर ३९,००० फुटांवर होतं. कॅप्टन आणि फ्लाइट इंजिनिअर यांना प्रश्न पडला की ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) एन-वनचा, म्हणजे पंख्याच्या शाफ्टच्या वेगाचा, आकडा नेमका कुठून घेतो. तपासायला त्यांनी एन-वन टॅकोमीटरचे सर्किट ब्रेकर ओढले. पुढे तीन नंबरच्या इंजिनाचा पंखा भलत्या वेगाला गेला, पात्यांची टोकं केसिंगला घासली आणि पंखा फुटला. तुकड्यांनी केबिनची एक खिडकी गेली, एक प्रवासी बाहेर ओढला गेला. विमान अल्बुकर्कीला सुखरूप उतरलं.

सेन्सर धडधाकट होता. फक्त त्याचं म्हणणं पुढे पोचत नव्हतं.

सुटा नट
(मंगळवार, संध्याकाळी ६.५०)

बाप रे. म्हणजे ऑटोथ्रॉटलला शून्य दिसलं आणि त्याने पेट्रोल ओतलं.

फिरकी
(मंगळवार, संध्याकाळी ७.०५)

तेवढं सरळ नाही, आणि विमानात पेट्रोलही नाही :) इंजिन नेमकं कशामुळे वेग घेऊन गेलं हे चौकशी मंडळालाही ठामपणे सांगता आलं नाही. भलत्या वेगामुळे पंख्यात विनाशकारी कंपनं सुरू झाली, इथपर्यंत त्यांनी लिहिलं. त्यापुढे मी जाणार नाही.

टोचा
(मंगळवार, संध्याकाळी ७.३०)

म्हणजे सेन्सर चालू आणि वायर शाबूत असली की निर्धास्त?

फिरकी
(मंगळवार, रात्री ८.१०)

तसंही नाही. सेन्सर जिथे बसलाय तिथलाच वेग सांगतो. ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासच्या ए३८० वर, फ्लाइट ३२, तेलाची एक नळी तडकली, आत आग लागली, आणि इंटरमीडिएट टर्बाइनची तबकडी आपल्या शाफ्टपासून सुटली. सुटल्यावर तिला कंप्रेसरचं ओझं राहिलं नाही, ती वेग घेत गेली आणि फुटली. अशा वेळी पुढे कंप्रेसरच्या बाजूला सेन्सर असेल तर त्याला मागे काय चाललंय त्याचा पत्ताही लागत नाही. शाफ्टचं आपलं टोक तो इमानदारीत मोजत राहतो.

बिनतारी
(मंगळवार, रात्री ९.००)

मूळ धाग्याकडे वळू या. शिकाऊ पाना, तुमचे आकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले. आरपीएम विसरा. एका फेरीत काउंटरने किती दात मोजले ते काढा.

७०० ला ७००, म्हणजे साठच्या साठ. ६०० ला ४८०, म्हणजे ४८. ५०० ला ३४०, जवळजवळ ४१. ४०० ला २२०, म्हणजे ३३.

वेग जसा उतरतो तसे चक्राचे दात पडत चाललेत! आधी १२, मग १९, मग २७. सेन्सर कमजोर असता तर सगळ्या लाटा सारख्याच बुटक्या झाल्या असत्या आणि एका वेगाला सगळ्या एकदम थ्रेशोल्डखाली गेल्या असत्या. काउंटर ६०० वरून थेट शून्यावर आला असता. तुमच्याकडे दात हप्त्याहप्त्याने गायब होतात. म्हणजे साठ लाटा एकसारख्या नाहीत. काही उंच, काही बुटक्या. वेग कमी झाला की आधी बुटक्या बुडतात, मग मधल्या.

स्कोप (लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावा. एका लाटेवर झूम करू नका, पूर्ण फेरी दिसेल एवढा वेळ पडद्यावर घ्या. ६०० आरपीएमला एक फेरी १०० मिलिसेकंदांची.

शिकाऊ पाना
(बुधवार, रात्री ८.२०)

बिनतारी सर, दंडवत.

स्कोपवर चार दिवसांत मी पाच-सहा लाटाच बघत होतो आणि त्या सुंदर दिसायच्या. आज २०० मिलिसेकंद पडद्यावर घेतले. लाटांची नुसती काळी पट्टी दिसली, पण तिची कड सरळ नाही. फुगते, बारीक होते, परत फुगते. बरोबर १०० मिलिसेकंदांनी. सर्वात उंच लाटेचं शिखर ९०० मिलिव्होल्ट, सर्वात बुटकीचं २७०. आणि स्टँडच्या मॅन्युअलमध्ये काउंटरचा थ्रेशोल्ड ३०० मिलिव्होल्ट.

म्हणजे ६०० ला बुटक्या लाटा उंबरठ्याला अडखळतात. आणि ७०० ला त्याच लाटा साधारण ३१५ होतात, म्हणून सगळ्या निसटून आत. आकडा बरोबर!

शॉपमध्ये आता एकच सल्ला, सेन्सरखालची शिम (फट ठरवणारी पातळ चकती) काढ आणि त्याला पुढे सरकव. सिग्नल वाढेल.

जुना गिअर
(बुधवार, रात्री ८.३५)

हात बांधून ठेव. शिमला अजिबात शिवू नकोस.

सिग्नल वाढेल, आकडा जुळेल, टेस्टचा कागद भरला जाईल आणि दुखणं आत तसंच राहील. शिवाय ९०० वाल्या बाजूला फट आधीच कमी आहे. तू सेन्सर पुढे घेतलास आणि गिअरबॉक्स गरम होऊन पोलाद फुगलं, तर दात टोकाला घासणार. टोक सोललं की तो चुरा तेलात. आणि चुंबकाच्या टोकाला लोखंडाचा चुरा आवडतो, तो तिथेच मिशीसारखा चिकटून बसतो आणि सिग्नल आणखी बिघडवतो.

फेरीमागे एकदा फुगणं आणि एकदा बारीक होणं, म्हणजे चक्र डुगडुगतंय. सेन्सर बाजूने बघतोय असं तूच लिहिलंस. तेव्हा चक्र शाफ्टला काटकोनात नाही, तिरकं बसलंय. अर्धी फेरी सेन्सरच्या जवळ, अर्धी फेरी लांब. कव्हर उघड, चक्राच्या तोंडावर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लाव, हाताने एक फेरी फिरव आणि काटा किती हलतो ते लिही.

सुटा नट
(बुधवार, रात्री ८.५०)

बेअरिंग खराब असू शकतं ना?

जुना गिअर
(बुधवार, रात्री ९.१०)

शकतं. पण ढिलं बेअरिंग असं प्रत्येक फेरीला घड्याळासारखं त्याच जागी फुगत नाही. त्याची पट्टी विस्कटलेली दिसते. हे फार शिस्तीत चाललंय. ताजं ओव्हरहॉल आहे, चक्र नुकतंच काढून बसवलेलं असणार. मला बसवण्यातच काहीतरी वाटतंय. पण माझ्या वाटण्यावर सही करू नकोस, डायल गेजवर कर.

नुसताच वाचक
(बुधवार, रात्री ९.२५)

उद्या ऑफिसात लक्ष लागणार नाही माझं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शिकाऊ पाना
(शुक्रवार, रात्री १०.०५)

उघडला.

डायल गेजचा काटा एका फेरीत अर्धा मिलिमीटर हलला. सेन्सरची नेमलेली फट पाऊण मिलिमीटर. म्हणजे एका बाजूला दात पाव मिलिमीटर जवळ येत होते आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच लांब जात होते. अर्ध्यापासून एक मिलिमीटरपर्यंत. जुना गिअर काका, तुम्ही म्हणाला होतात ना, फट दुप्पट झाली की सिग्नल निम्म्याच्याही खाली जातो. ९०० चे २७०.

आमच्या इन्स्पेक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी काटा स्वतः फिरवून पाहिला, मग नट सोडायला सांगितला. चक्र ओढून काढलं. शाफ्टच्या ज्या खांद्यावर चक्राचं तोंड टेकतं, तिथे एका जागी चमकतं काहीतरी होतं. बोटाने लागत नव्हतं, नखाने लागलं. नखाच्या टोकाएवढी धातूची किनार. कुठूनतरी उडालेला कण आणि त्याच्यावर दाबून बसवलेलं चक्र. कण चपटा झालेला आणि खांद्यावर त्याचा ठसा. ठसा घासून सपाट केला, मोजून घेतला, दोन्ही तोंडं पुसली, चक्र परत बसवलं, नटला टॉर्क दिला. डायल गेजवर आता ०.०४ मिलिमीटर.

त्या आधी बसवताना जागा कुणी पुसली नव्हती, यावर शॉपमध्ये चर्चा सुरू आहे. मी त्या खोलीत थांबलो नाही.

बिनतारी
(शुक्रवार, रात्री १०.१५)

अभिनंदन! पण स्टँडवर काय आलं ते सांगा आधी.

शिकाऊ पाना
(शुक्रवार, रात्री १०.४०)

तेच लिहीत होतो. स्कोपवर सरळ पट्टी. ६०० ला सगळ्या लाटा ४९० च्या आसपास. ७०० ला ७००, ६०० ला ६००, ५०० ला ५००, ४०० ला ४००. सेन्सर तोच, पहिला. ज्याला आम्ही नालायक म्हणून कपाटात टाकलं होतं तो परत आणून बसवला.

मग मोटर बंद करून गिअरबॉक्स आपोआप थांबू दिला. काउंटर ४०० वरून हळूहळू खाली आला, ३९०, ३८०, ३७०, आणि ३६५ च्या आसपास एकदम शून्य. मधलं काही नाहीच. पडद्यावर शून्य आणि शाफ्टच्या टोकावरची पांढरी खूण अजून गरगरतेय.

शेजारचा नवा पोरगा कव्हरकडे हात घेऊन निघाला होता. त्याचा हात धरला आणि म्हटलं, थांब, ते शून्य नाहीये.